घरातला स्टुडिओ गावासाठी खुला करायचाय: २२ × १४ ची पत्र्याची खोली, अमळनेर

बोरीकाठ (धागाकर्ता)
मंडळी, घराच्या मागच्या अंगाला २२ × १४ फुटांची खोली आहे. विटांच्या भिंती, खाली कोबा, वर पत्रा. उंची कडेला ९ फूट, मध्यावर साडेअकरा. एक दार घरात उघडतं, दुसरं बोळात. बोळातलं सध्या बंदच असतं. उत्तरेला ४ × ४ ची एकच खिडकी. एक नळ, त्याखाली साधी मोरी. सध्या तिथे एकट्याचं तैलरंगाचं आणि थोडं लिनोकटचं (लिनोलियम कोरून त्यावरून छापायचं) काम चालतं.
आता ही खोली मुलांना, बायकांना, हौशी मंडळींना ठरावीक वेळी वापरता यावी आणि वर्षातून दोन-तीन प्रदर्शनं लागावीत असं मनात आहे. फी घेतली तर साहित्यापुरतीच.
विचारायचं ते असं: पैसे बेताचे आहेत, तर आधी पत्र्याला हात घालू, भिंतींना की पाण्याला? संस्था नोंदवायची का? एका वेळी किती जण बसतील? आणि घरच्यांच्या डोक्याला ताप न होता हे कसं बसवायचं?

कळणाभाकर
भरीत पार्टी कुठे करायची ते विचारायचं राहिलं की भो.

रेघोटी
माणसांचा हिशोब आधी, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. खोली ३०८ चौ. फूट. कपाट, मोरी आणि दोन दारांमधला मोकळा रस्ता वजा केला की कामाची जागा २३० च्या आसपास उरते. मांडीवर बोर्ड घेऊन रेखाटन असेल तर माणशी २० चौ. फूट पुरतात. डाँकीवर (समोर बोर्ड टेकवता येणाऱ्या बाकावर) बसून वस्तुचित्र करायचं तर २५, कारण मागे सरकून बघायला जागा लागते. ईझलला (चित्र उभं ठेवायच्या तिकाटण्याला) ३५ ते ४०. म्हणजे रेखाटनाला ११, डाँकीला ९, उभ्याने तैलरंगाला ६. चौदावं पोर "मी कोपऱ्यात बसतो" म्हणेल. तो कोपरा दारासमोरचा असतो, तेव्हा नाही म्हणायचं.
टेबलं सुताराकडून करून घेऊ नका. ७ × ३ फुटांचं ३२ मिमी जाडीचं फ्लश डोअर आणि खाली दोन लोखंडी घोड्या, झालं सहा जणांचं टेबल. अशी दोन. प्रदर्शनाच्या दिवशी दारं भिंतीला उभी लावायची, घोड्या एकात एक. उंची मोठ्यांना २९-३० इंच. लहान पोरांना जमिनीवर चटई आणि बुटका पाट बरा.
बोर्ड ६ मिमी प्लायचे, १८ × २४ इंच, म्हणजे अर्धा इम्पीरियल (१५ × २२) क्लिपांसकट मावतो. एका पूर्ण ८ × ४ शीटमधून दहा निघतात. कडा पॉलिश पेपरने गोल करा, नाहीतर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी बोटात फास.

पत्र्याखालचा
आधी पत्रा. अमळनेरला एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ च्या घरात असतो, आणि पत्र्याची आतली बाजू हवेपेक्षा कितीतरी तापते. नुसता पंखा लावला तर तो वरची भट्टी खाली ओततो.
क्रम असा ठेवा.
पहिलं, पत्रा घासून, गंज काढून, वरून पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचे दोन हात. चुना चालतो, पण पहिल्या पावसात वाहून जातो आणि खिळ्यांपाशी पत्रा खातो.
दुसरं, पत्र्याच्या वर फूट-दीड फुटावर लोखंडी सांगाड्यावर ७५ टक्क्यांची शेडनेट. शेडनेट पत्र्याला चिकटून टाकली तर उपयोग निम्मा. मधून वारा गेला पाहिजे. वळवाच्या वादळाआधी ती गुंडाळता येईल अशी बांधा, नाहीतर शेजारच्याच्या गच्चीवर शोधावी लागेल.
तिसरं, आतून छत. पत्रा आणि छत यांच्यात किमान ६ इंच पोकळी आणि दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे गरम हवा बाहेर पडते. छतावर ५० मिमी रॉकवूल (दगडी लोकर). थर्माकोल स्वस्त पडतं म्हणून लावू नका, तैलरंगाच्या खोलीत तर नाहीच. पेट घेतलं की वितळून खाली ठिबकतं.
वर पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. गारवा येतो हे खरं, पण ठिणगीचं भय आणि उंदरांची सोय.

जळगावकर_पुण्यात
एवढी उठाठेव कशाला? दीड टनाचे दोन एसी लावा, विषय संपला.

पत्र्याखालचा
@जळगावकर_पुण्यात, न झाकलेल्या पत्र्याखाली एसी म्हणजे वीजबिलाचं वर्गणीदार होणं. शिवाय एसी लावला की खोली बंद, आणि खोली बंद की टर्पेंटाइनची वाफ आतच. आठ-दहा जणांच्या डोक्यात कळ जायला अर्धा तास पुरे.

वायरमन_धुळे
टर्पेंटाइनचा विषय निघालाच आहे म्हणून. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण ३५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तेवढ्या तापमानाला वरची वाफ ठिणगी मिळाली की पेटू शकते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात "खोलीच्या तापमानाला सुरक्षित" वाचून आपल्याकडे चालत नाही, मे महिन्यात आपली खोलीच ४० च्या वर असते. तेव्हा मार्च ते जून सामायिक वेळेत टर्पेंटाइन बंद. पाण्यात मिसळणारे रंग वापरा. तैलरंगच करायचे असतील तर ब्रश नुसत्या तेलाने पुसा आणि मग साबणाने धुवा.
जवस तेलाच्या चिंध्या हा त्याहून मोठा धोका. जवस तेल वाळताना स्वतः गरम होतं. चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर ठिणगीशिवाय पेट घेतो. झाकणाचा पत्र्याचा डबा, आत पाणी, त्यात चिंध्या, आणि रोज संध्याकाळी डबा खोलीबाहेर.
वायरिंगचं थोडक्यात. प्लगना २.५ चौ. मिमी, कूलर आणि पुढेमागे भट्टी येणार असेल तर त्यांची स्वतंत्र ४ चौ. मिमीची लाइन. संपूर्ण खोलीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच. कूलरच्या लोखंडी अंगाला शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात. आरसीसीबी आणि अर्थिंग नसेल तर पोरांना त्या खोलीत घेऊच नका. ओल्या हाताची पोरं आणि जमिनीपासून फूटभरावरचे प्लग एकत्र नांदत नाहीत, सगळे प्लग साडेचार फुटांवर घ्या.
एबीसी प्रकारचं ४ किंवा ६ किलोचं अग्निशामक बोळाच्या दाराशेजारी. रंगाच्या कपाटाशेजारी नाही. आग तिथेच लागणार.

कळणाभाकर
म्हणजे रंगवायला जायचं की ड्युटीवर?

रेघोटी
@वायरमन_धुळे, १०० टक्के. भर एवढीच की लिनोकटची तेलाची शाईसुद्धा गोड्या तेलाने निघते. रोलर आणि काचेवर चमचाभर तेल, जुन्या वर्तमानपत्राने पुसायचं, मग भांड्याचा साबण. तो कागदही त्याच पाण्याच्या डब्यात.

गिरणाथडी
कूलर उत्तरेच्या खिडकीत बसवा. वाळ्याचे पडदे, मस्त गार.

रेघोटी
@गिरणाथडी, अहो त्या खोलीत एकच चांगली खिडकी आहे! उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, सावली सरकत नाही, वस्तुचित्राला तोच हवा. तिथे कूलर बसवला की दिवसा ट्यूब लावून चित्र काढायची वेळ.

पत्र्याखालचा
बोळाच्या भिंतीत दाराशेजारी अडीच फुटांचा चौकोन फोडा, कूलर तिथे बाहेर स्टँडवर. समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला १२ इंची एक्झॉस्ट. कूलरची हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि गारवा गायब. हिशोब बघा: ३०८ चौ. फूट गुणिले सरासरी १० फूट म्हणजे ३,०८० घनफूट. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला साधारण ५१५ घनफूट लागते, आणि १२ इंची पंखा तेवढी सहज ओढतो.
कूलर मृगापर्यंतच. पाऊस सुरू झाला की तो नुसती वाफ फेकतो; कागद लाटेसारखे होतात आणि जलरंग तासन्‌तास वाळत नाही.
एक विचारतो, बोळ कुणाचा? सामाईक असेल तर कूलरचं पोट बाहेर आलं की चित्रकलेच्या आधी भांडणकला सुरू.

बोरीकाठ
बोळ आमच्याच हद्दीत आहे, उताऱ्यावर आहे. ट्यूबचं काय करायचं? संध्याकाळी सहानंतरच लोक येणार.

वायरमन_धुळे
चित्राला ५०० लक्स धरा. खोली साडेअठ्ठावीस चौ. मीटर, म्हणजे कामावर १४ हजार लुमेन पडायला हवेत. भिंती आणि छत खातात म्हणून दीडपट, २१ हजार. २० वॅटची एलईडी ट्यूब २,००० लुमेनची, तर दहा-अकरा लागतील. पाकिटावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) बघा, ९० च्या पुढे हवा, आणि उजेडाचा रंग ५,००० केल्विन. बाजारात सर्रास मिळते ती ६,५०० ची. तिच्याखाली केलेलं पिवळं सकाळी भलतंच दिसतं. सगळ्या ट्यूब एका बटणावर नकोत, तीन गट करा. वस्तुचित्राला एका बाजूचाच उजेड लागतो.

सातपुड्याची
सगळे पत्रा आणि ट्यूबमध्ये अडकले. धागाकर्त्यांनी घरच्यांचा ताप विचारलाय, त्याकडे कुणी बघेना. माझ्या मते ही खोली चालेल की नाही ते त्या दोन दारांवर ठरेल.
घरातल्या दाराला खोलीच्या बाजूने कडी नको, घराच्या बाजूने हवी. येणारा-जाणारा प्रत्येक जण बोळातून. पाणी प्यायला, हात धुवायला, फोन चार्ज करायला, चप्पल शोधायला कुणीही घरात शिरता कामा नये. हे पहिल्या दिवसापासून नसेल तर सहा महिन्यांनी घरचेच कुलूप लावतात, आणि त्यांचं चुकत नाही.
त्यासाठी बोळात लागतं ते: चपलांचा रॅक, २० लिटरचा पाण्याचा जार, आणि शौचालय. शौचालय वेगळं नसेल तर बायका आणि मोठ्या मुली दुसऱ्यांदा येत नाहीत. कारण कुणी सांगणार नाही, नुसत्या यायच्या थांबतील. ४ × ३ फुटांत बसतं. पैसे कमी असतील तर आतलं छत पुढच्या वर्षी करा, हे आधी.
मुलांसाठी: खोलीत कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. बोळाच्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच. वहीत मुलाचं नाव, पालकाचा नंबर, न्यायला कोण येणार. पालकांना विचारल्याशिवाय पोरांचे फोटो व्हॉट्सअॅपवर नाहीत. आणि काही वावगं कानावर आलं तर पॉक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, "आपसात मिटवू" हा पर्यायच नाही.

गिरणाथडी
खरं शे ताई. शौचालयाचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

जळगावकर_पुण्यात
पटलं. पण नोंदणीचं काय? माझ्या मते ट्रस्ट आधी करावा. नावावर काही असलं की देणगी मागता येते. चाळीसगावला स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघा, आज कलादालन म्हणून उभं आहे, ते व्यवस्था लागली म्हणूनच ना.

लेखाजोखा
@जळगावकर_पुण्यात, उदाहरण चांगलं, पण इथे लागू नाही. मूस १९८९ मध्ये गेले, त्यांचं घर आणि त्यांचं काम हाच तिथला ठेवा. इथे घरात कुटुंब राहतंय. दोन्हींची कागदं वेगळी.
सगळ्यात महत्त्वाचं: खोली ट्रस्टच्या नावावर करू नका. एकदा ती सार्वजनिक न्यासाची मिळकत झाली की विकायला किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायलाही धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते (सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा, कलम ३६). उद्या मुलांना घर वाढवायचं असेल तर खोली अडकली.
मालकी घराकडे ठेवा, मंडळाला वापर द्या. त्यासाठी लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे मालकी न देता नुसता वापर देणारा करार. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, ११ महिन्यांचा असला तरी. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००.
पण मंडळ कधी? संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली संस्था करायला किमान सात माणसं लागतात आणि आपल्या राज्यात तीच संस्था पुढे न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. नंतर दरवर्षी हिशोब तपासणी, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. हा बदल अर्ज राहून जातो आणि पुढे सगळं त्याच्यापाशी अडतं. सात जण नुसते सहीपुरते असतील तर हे ओझं एकट्या धागाकर्त्याच्या मानेवर.
म्हणून आधी वर्षभर अनौपचारिक चालवा. पावतीपुस्तक, जमाखर्चाची वही, आणि साहित्याच्या पैशासाठी वेगळं बँक खातं, भले ते वैयक्तिक का असेना. वर्षाने जे सात जण न बोलावता येतात तेच सभासद करा. देणगीदाराच्या आयकर सवलतीची (८०जी म्हणतात ती) वाटही त्यानंतरचीच, आणि तेव्हा लक्षात ठेवा, रोख २,००० रुपयांच्या वरच्या देणगीला ती सवलत मिळत नाही.

वायरमन_धुळे
@लेखाजोखा, मीटर राहिलं. नियमित फी घेऊन वर्ग सुरू झाले तर घरगुती मीटरवर चालवू नये. वीज कायदा २००३ चं कलम १२६: भलत्या कारणासाठी वापर आढळला तर त्या वापराच्या दराच्या दुप्पट आकारणी, आणि काळ ठरवता आला नाही तर मागच्या बारा महिन्यांची. महावितरणकडे खोलीसाठी वेगळं कनेक्शन मागा. घरचं बिल आणि खोलीचं बिल वेगळं झालं की घरातली निम्मी कुरबुरही संपते.

रंगसंगती_भुसावळ
मुलं हवीच असतील तर एलिमेंटरी-इंटरमिजिएटची (सरकारी चित्रकला परीक्षांची) तयारी सुरू करा. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३. पालक स्वतः आणून सोडतील. खर्चही निघेल.

रेघोटी
आणि महिन्याभरात खोलीचा क्लास होईल. परीक्षेची तयारी म्हणजे स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन, घड्याळ लावून. त्याच वेळी शेजारी एखादी आजी आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची चित्रं काढत बसली असेल तर तिला वाटतं आपण अडचण करतोय. ती उठून जाते.

रंगसंगती_भुसावळ
आजी येतील म्हणून पोरांना हाकलायचं का? गुण मिळवणं काही पाप नाही. खेड्यातून येणाऱ्या पोराला तेवढाच हात मिळतो.

सातपुड्याची
दोघंही खरे. वार वेगळे करा. परीक्षेचा एकच वार, तोही ऑगस्ट-सप्टेंबरपुरता. बाकीचे वार खुले, त्यात शिकवणारा कुणी नाही, नुसती जागा आणि साहित्य. आणि सुरुवातीला आठवड्याला दोनच संध्याकाळ, पण त्या कधी चुकवायच्या नाहीत. रोज उघडी म्हणून जाहीर केलेली आणि निम्मे दिवस बंद असलेली जागा लोक सोडून देतात. किल्ल्या तिघांकडे.
उन्हाळ्यात संध्याकाळ सोडा, सकाळी ७ ते १० करा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) मुली माहेरी आलेल्या असतात, त्या आठवड्यात बायकांची खास बैठक ठेवली तर खोली अपुरी पडेल.
आणखी एक. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आदिवासी कलाकारांना बोलवाल तर प्रवास, जेवण आणि मानधन आधी ठरवून हातात द्या. "तुमची कला लोकांसमोर येईल" हे मानधन नव्हे. पिठोरासारखं घराच्या भिंतीवरचं चित्र तर नवसाचं असतं, बडव्याशिवाय (विधी करणाऱ्या पुजाऱ्याशिवाय) होत नाही. ते दोन तासांच्या कार्यशाळेत "शिकवा" म्हणू नका.

शाडू_आणि_मी
पाण्याकडे येतो. साध्या मोरीत माती आणि पीओपी गेलं की गणपतीच्या आधीच विसर्जन. नळाखाली तीन बादल्या: पहिलीत खळबळ धुवायचं, दुसरीत साफ, तिसरीत शेवटचं. मोरीत फक्त तिसरीचं पाणी. पहिलीचा गाळ रात्रभर बसू द्या, वरचं पाणी ओता, माती परत वापरा. अमळनेरला नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे यात पाणीही वाचतं.
मोरीच्या पुढे १८ × १८ × १८ इंचांचं चेंबर बांधा, आत दोन आडव्या भिंती, एक खालून मोकळी, एक वरून. गाळ अर्ध्यावर आला की उपसा. पीओपी मात्र कधीच पाण्यात नाही: ते लवचिक घमेल्यात राहू द्या, घट्ट झालं की घमेलं वाकवून ढेप काढायची आणि कचऱ्यात.
गणपतीची कार्यशाळा घेणार असाल तर सात-आठ इंची मूर्तीला दोन किलो शाडू, बारा जणांना २५ किलो धरा. चाळून एक दिवस भिजवा. पाच किलोला मूठभर कापूस, पण बोटाने पिंजून अगदी मोकळा केलेला. गोळा राहिला तर गणपतीला केस येतात. कापसाने तडे कमी जातात. पाटापासून वर आतली माती कोरून भिंत दोन बोटं जाड ठेवा. पोट भरीव राहिलं की बाहेरचं आधी आकसतं, आतलं ओलं असतं, आणि गळ्यापाशी चीर जाते. सावलीत पाच-सात दिवस, पहिले दोन दिवस वर ओलसर गोणपाट. कूलरच्या झोतात अजिबात नाही. वाळली की नाही ते गालाला लावून बघा, गार लागली तर आत ओल आहे.

कळणाभाकर
गणपतीला गाल लावणारा माणूस बघून शेजारी काय समजतील ते बघा बुवा.

भिंतीवरचा
प्रदर्शनाच्या भिंतींचं. विटांच्या भिंतीला लोणा लागलेला असेल तर खिळा ठोकला की गिलाव्याची साल निघते, आणि चित्राच्या मागे बुरशी. २ × १ इंची पट्ट्या दोन-दोन फुटांवर, त्यावर १२ मिमी प्लाय. मागे इंचभर पोकळी राहते, तीत हवा खेळते. जमिनीपासून चार इंच वर सुरू करा. काळ्या जमिनीतली वाळवी प्लायला टेकायची वाट बघत असते. एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगतं. रंग मॅट, पांढऱ्यात किंचित राखाडी. पश्चिमेच्या भिंतीला जलरंगातली चित्रं लावू नका, दुपारनंतर ती तापते.
चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. मुलांचं प्रदर्शन असेल तर ४८. नायलॉनची दोरी ताणून चित्र खाली येतं, दीड मिमी स्टीलची तार वापरा.

केळीबाग_रावेर
साहित्याचा खर्च निघाला म्हणून. कागद विकतच का घ्यायचा? केळी कापली की खांब बांधावरच पडून असतो. बाहेरचं काळपट सोपट (खांबाचा थर) सोडा, आतली पांढरी घ्या. फळीवर बोथट सुरीने घासून गर काढला की धागा उरतो. एका खांबातून कोरडा धागा शे-दोनशे ग्रॅमच निघतो, तेव्हा हे फावल्या वेळेचं काम आहे हे समजून करा.
धागा अर्ध्या इंचाचा कापायचा. लांब राहिला तर मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो आणि मोटार जळते. रात्रभर भिजवून, किलोला १५०-२०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तीन तास उकळा. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमला सोडा खातो. हाताला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत धुवा. मग मोगरीने कुटा किंवा मिक्सरला थोडा धागा आणि भरपूर पाणी. ए-फोर मापाच्या एका जाडसर पानाला साधारण सहा ग्रॅम लगदा (कोरडा धरून). जाळीवर उचलायचं, जुन्या सुती धोतरावर पालथं, दोन प्लायमध्ये विटांखाली दाबायचं. मेमध्ये उघडं वाळवलं तर कडा वळतात. काचेवर चिकटवून सावलीत ठेवा. जलरंग फार शोषतो, म्हणून आधी तांदळाच्या पातळ खळीचा एक हात. लिनोकटला मात्र फार छान.

गिरणाथडी
हे बेस. रावेरशेजारच्या यावल तालुक्यात, फैजपूरला १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचा मंडप शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातूनच सजवला होता. केळीचा कागद आपल्याकडे शोभतो.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार, वही भरली. आत्ता ठरलं ते असं: यंदा बोळाचं दार, कडीची बाजू बदलणं, शौचालय, आरसीसीबी आणि गाळाचं चेंबर. पत्र्याला रंग आणि शेडनेट मार्चच्या आधी. आतलं छत आणि प्लायच्या भिंती पुढच्या वर्षी, तोवर प्रदर्शन फ्लश डोअरच्याच उभ्या टेबलांवर. मंगळवार आणि शनिवार संध्याकाळ, अकरा जण. नोंदणी वर्षाने.
@लेखाजोखा, फी न घेता फक्त साहित्याची पेटी ठेवली तर पावती लागेल का?

लेखाजोखा
कायद्याची सक्ती नसली तरी द्या. पेटी दोघांनी मिळून उघडायची, रक्कम तिथल्या तिथे वहीत, दोघांच्या सह्या. गावात पैशावरून बोलणं निघायला कारण लागत नाही.

भिंतीवरचा
फ्लश डोअर उभी लावताना खाली अटकाव म्हणून जमिनीला पट्टी ठोका आणि वरून भिंतीला हूक. नुसतं टेकवलेलं ७ फुटांचं दार पोरावर पडलं तर मोठी इजा.

बोरीकाठ
नोंदवलं. @केळीबाग_रावेर, सोपट कुठे आणि केव्हा मिळेल? पहिल्या शनिवारी कागदच करू म्हणतो.

केळीबाग_रावेर
कापणी चालू असलेल्या कुठल्याही बागेत विचारा, खांब उचलून नेला तर लोक उलट खूश होतात. कापल्यापासून दोन दिवसांत घासा, नंतर धागा काळा पडतो. आणि सगळ्यांना जुने कपडे घालून यायला सांगा. केळीच्या चिकाचा डाग कशानेही जात नाही.

कळणाभाकर
कागद होईपर्यंत भरीत मी बघतो. कळण्याच्या भाकरी अकरा जणांना बावीस धरू ना?